हेड कोल्हापूरचे, कॅम सोलापूरचा. पण जुळणार का?

इंजिन नव्याने बांधताना सर्वाधिक पैसे वाया जातात ते चुकीच्या जोडीमुळे. सिलिंडर हेड आणि कॅमशाफ्ट एकमेकांना पाहून कसे निवडायचे, याचा हा हिशेब.

कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून सिलिंडर हेड आणि ब्लॉकची कास्टिंग देशभरातल्या ट्रॅक्टर, ट्रक आणि डिझेल इंजिनांसाठी जातात. शिरोलीत पिस्टन होतात. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत अख्खी इंजिने जुळवली जातात. कॅमशाफ्टसाठी मात्र नजर सोलापूरकडे वळते. तिथली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ मध्ये सुरू झालेली कंपनी जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांना कॅम पुरवते. म्हणजे इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाचे दोन्ही मुख्य भाग दोन-अडीचशे किलोमीटरच्या टापूत तयार होतात.

कारखान्यात हे दोन्ही भाग एकाच ड्रॉइंगवरून, एकमेकांसाठी बनतात. घोळ होतो तो नंतर. शिवाजी उद्यमनगरात जुनी जिप्सी किंवा बुलेट घेऊन येणाऱ्या तरुणाच्या खिशात बहुतेक वेळा एक सुटा भाग असतो: कुठून तरी मागवलेला ‘रेसिंग’ कॅम किंवा मोठ्या पोर्टचे हेड. ‘मिस्त्री, एवढं बसवून द्या’ ही मागणी असते. बसते. चालूही होते. पण आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर जी गाडी पूर्वी निमूट चढायची, तिला आता दुसरा टाकावा लागतो आणि पेट्रोलही जास्त लागते. पंचवीस-तीस हजार घालवून गाडी मंद झाली, असे ऐकायला मिळते ते यामुळेच.

गेट आणि गेटकीपर

साखर कारखान्याच्या गेटवरची उसाची रांग डोळ्यांसमोर आणा. गेट किती रुंद आहे, हे झाले हेड. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे ठरवणारा गेटकीपर म्हणजे कॅम. गेट अरुंद असेल तर ते तासभर जास्त उघडे ठेवून फार गाड्या आत जात नाहीत. गेट भलेमोठे केले आणि ते दोनच मिनिटे उघडले, तरी रांग हलत नाही. आणि आत गव्हाणीची ताकदच कमी असेल, तर दोन्हींचा उपयोग नाही. गव्हाण म्हणजे इथे पिस्टन आणि सिलिंडर.

हेडमध्ये इनलेट आणि एक्झॉस्टचे पोर्ट, व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट आणि गाईड असतात आणि मिश्रण जिथे पेटते ते चेंबरही असते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याचे उंचवटे, ज्यांना लोब म्हणतात, व्हॉल्व्ह दाबून उघडतात. व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडला ती लिफ्ट. क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहिला ते ड्युरेशन. एक्झॉस्ट पूर्ण बंद होण्याआधी इनलेट उघडतो आणि काही अंश दोन्ही एकदम उघडे असतात, तो ओव्हरलॅप. कॅमच्या कागदावर हेच तीन-चार आकडे असतात आणि त्यांवर सगळा खेळ आहे.

एक फसवणूक इथेच होते. कोणी ड्युरेशन व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजतो, कोणी एक मिलिमीटर लिफ्टपासून, तर अमेरिकी पद्धतीत ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिलिमीटरपासून. त्यामुळे एकच कॅम एका कागदावर २८० अंशांचा आणि दुसऱ्यावर २३०च्या आसपास दिसू शकतो. दोन कॅमची तुलना करताना मोजणी कुठून केली आहे, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

आधी हेड का?

कॅम बदलणे सोपे, हेड बदलणे खर्चिक. म्हणून हेड काय देऊ शकते ते आधी ठरवावे आणि कॅम त्याला साजेसा घ्यावा.

साधी भूमिती पाहा. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याच्या कडेभोवती जी गोल फट तयार होते, तिचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या व्यासाच्या एक चतुर्थांश लिफ्टला व्हॉल्व्हच्या स्वतःच्या क्षेत्रफळाइतके होते. ३६ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला हा टप्पा ९ मिलिमीटर लिफ्टला येतो. त्यापुढे पोर्ट हाच अडसर ठरू लागतो. मूळच्या अरुंद पोर्टमधून ८-९ मिलिमीटरनंतर हवा वाढतच नसेल, तर ११ मिलिमीटर लिफ्टचा कॅम घालून स्प्रिंग आणि गाईड झिजवण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

हवा किती जाते हे फ्लो बेंचवर मोजतात. हेड यंत्रावर बसवून, ठरावीक दाबाच्या फरकाने, दर मिलिमीटर लिफ्टला किती घनफूट हवा मिनिटाला जाते ते टिपले जाते. चांगला पोर्टिंग करणारा एकच मोठा आकडा सांगत नाही, सगळा तक्ता देतो. कारण व्हॉल्व्ह सर्वाधिक लिफ्टवर क्षणभरच असतो. मधल्या लिफ्टवरून तो दोनदा जातो, एकदा उघडताना आणि एकदा मिटताना. मधल्या लिफ्टवरची सुधारणा म्हणूनच जास्त मोलाची.

एक्झॉस्टकडेही बघावे. इनलेटच्या तुलनेत एक्झॉस्टचा प्रवाह साधारण ७५ ते ८० टक्के असेल तर दोन्हीकडे सारखे ड्युरेशन चालते. एक्झॉस्ट फारच कमी पडत असेल, तर एक्झॉस्टला थोडे जास्त ड्युरेशन असलेला कॅम निवडतात.

मोठा पोर्ट म्हणजे चांगले हेड, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. पोर्ट रुंद केला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो. वेग पडला की पेट्रोल नीट मिसळत नाही आणि सिलिंडर पुरेसा भरत नाही. डायग्राइंडर घेऊन पोर्ट आरशासारखा चकचकीत करणारे उत्साही खूप आहेत. त्या चकाकीचा फायदा डोळ्यांना जास्त, इंजिनाला कमी.

आठ व्हॉल्व्ह की सोळा?

जिप्सीचे १.३ लिटरचे इंजिन आपल्याकडे दोन्ही रूपांत आले. १९९६च्या जिप्सी किंगला कार्ब्युरेटर आणि आठ व्हॉल्व्ह होते. २००० पासून सोळा व्हॉल्व्ह आणि इंजेक्शन आले, ताकद ८० बीएचपीवर गेली. जिप्सी २०१९ मध्ये बंद झाली, तरी रॅली आणि ऑफरोडवाल्यांत तिचा मान कायम आहे.

सोळा व्हॉल्व्हचा फायदा आकड्यांत मांडता येतो. उदाहरणापुरते धरू की एकीकडे ३६ मिलिमीटरचा एक इनलेट व्हॉल्व्ह आहे आणि दुसरीकडे २८ मिलिमीटरचे दोन. ७ मिलिमीटर लिफ्टला पहिल्याची फट सुमारे ७९० चौरस मिलिमीटर होते, दुसऱ्या दोघांची मिळून सुमारे १२३०. तितक्याच लिफ्टला दीडपटीहून अधिक. त्यामुळे सोळा व्हॉल्व्हच्या हेडला तितका जहाल कॅम लागतच नाही. आठ व्हॉल्व्हसाठी लिहिलेला सल्ला सोळाला लावणे, ही दुसरी नेहमीची चूक.

आठचे हेड काढून सोळाचे बसवायचे असेल, तर बोल्टची भोके जुळली म्हणून भागत नाही. पाण्याचे आणि ऑईलचे मार्ग, गॅस्केट, पिस्टनच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हसाठीच्या खाचा, टायमिंगची पुली, डिस्ट्रिब्युटरची जागा, इंजेक्शनचे वायरिंग हे सगळे तपासावे लागते. शहाणा मिस्त्री अशा वेळी एकाच गाडीचे अख्खे इंजिन आणायला सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याचे खरे असते.

कॅम बदलला की कॉम्प्रेशन पडते

ही गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते, म्हणून ती सविस्तर.

जिप्सीच्या या इंजिनाचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर. एका सिलिंडरची जागा सुमारे ३२५ सीसी, चारांची १२९८. कॉम्प्रेशन ९ धरले, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा साधारण ४०.६ सीसी. हे झाले कागदावरचे कॉम्प्रेशन. प्रत्यक्षात पिस्टन तळाला जाऊन वर निघाला तरी इनलेट व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. तो मिटेपर्यंत खरे दाबणे सुरूच होत नाही.

समजा मूळ कॅमचा इनलेट तळानंतर ५२ अंशांना मिटतो. कनेक्टिंग रॉड १२० मिलिमीटरचा धरला, तर त्या क्षणी पिस्टनला वर जायला सुमारे ६४.७ मिलिमीटर शिल्लक असतात. खरे कॉम्प्रेशन येते ७.९च्या आसपास. आता ‘रेसिंग’ कॅम घातला, जो ७० अंशांना मिटतो. शिल्लक राहतात ५६ मिलिमीटर. खरे कॉम्प्रेशन ६.९. बाकी काही न बदलता इंजिनाने एक अख्खा अंक गमावला.

उच्च आरपीएमला याची भरपाई होते. आत धावत येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो, त्यामुळे पिस्टन वर निघाला तरी ती आत शिरत राहते. पण दोन-अडीच हजार आरपीएमला तो जोर नसतो आणि आत आलेले मिश्रण उलट पोर्टमध्ये ढकलले जाते. घाटात गाडी दम तोडते ती इथे.

उपाय म्हणजे चेंबर लहान करणे. आधीचे ७.९ परत मिळवायचे तर उरणारी जागा ४०.६ वरून साधारण ३५ सीसीवर आणावी लागेल, म्हणजे कागदावरचे कॉम्प्रेशन सव्वादहाच्या जवळ. मिस्त्री म्हणेल, हेड फेसिंग करून टाकू. हिशेब करा. चेंबर पिस्टनइतका गोल धरला, तरी साडेपाच सीसी कमी करायला सुमारे १.३ मिलिमीटर काढावे लागतात. चेंबर प्रत्यक्षात त्याहून लहान असला तर आणखी जास्त. एवढे फेसिंग बहुतेक हेडना सोसत नाही. पृष्ठभाग पातळ होतो, पाण्याच्या जाकीटपर्यंतची भिंत कमकुवत होते. मग उंच माथ्याचे पिस्टन शोधावे लागतात.

आणि ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड खाली आले की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची ओढणारी बाजू आखूड होते आणि कॅमचे टायमिंग मागे सरकते. म्हणजे इनलेट आणखी उशिरा मिटतो. ज्या दोषावर इलाज केला, तोच थोडा परत आला. तो दुरुस्त करायला सरकवता येणारी कॅम पुली लागते. कॅम, फेसिंग, पिस्टन आणि पुली यांचा खर्च म्हणून एकत्रच मांडावा. कॅमची किंमत त्यात सहसा सर्वांत छोटी निघते.

जिथे धातूला धातू भिडतो

वरच्या सगळ्या चुकांत फक्त ताकद जाते. पुढच्या चुकीत इंजिन जाते.

लिफ्ट वाढली, ओव्हरलॅप वाढला आणि हेडही खाली आले, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर तिन्ही बाजूंनी कमी होते. पिस्टन वरच्या टोकाजवळ असताना, साधारण दहा अंश आधी एक्झॉस्ट आणि दहा अंश नंतर इनलेट, सर्वाधिक जवळ येतात. इनलेटला किमान २ आणि एक्झॉस्टला किमान २.५ मिलिमीटर मोकळीक ठेवण्याचा प्रघात आहे. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो.

तपासायची पद्धत घरगुती आहे. पिस्टनच्या माथ्यावर मुलांची खेळण्यातली मऊ माती थापायची, व्हॉल्व्हला जरा तेल लावायचे, हेड जुन्या गॅस्केटसह बसवून बोल्ट कसायचे, टायमिंग लावायचे आणि क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवायची. अडकल्यासारखे वाटले तर जोर लावायचा नाही. हेड उघडून माती कापायची आणि सर्वांत पातळ जागा मोजायची. गॅस्केट दाबलेले असल्याने मिळालेला आकडा खरा असतो. अर्ध्या दिवसाचे काम. ‘इतकी वर्षं करतोय, काही होत नाही’ म्हणून ते टाळणाऱ्याकडे इंजिन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्प्रिंगचेही तसेच. जास्त लिफ्टला मूळ स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले, तर रॉकर किंवा लोब तुटतो. पूर्ण लिफ्टला वेढ्यांत मिळून किमान एक मिलिमीटर फट उरायला हवी. स्प्रिंगवरची टोपी गाईडच्या टोकाला भिडत नाही ना, तेही पाहावे. मग घाला सर्वांत कडक स्प्रिंग, हे उत्तर नव्हे. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग लोब खाते.

नव्या कॅमला जुने टॅपेट किंवा रॉकर पॅड लावणे हीसुद्धा काटकसर महागात पडते. दोन पृष्ठभाग एकमेकांसोबत झिजून बसलेले असतात. एक नवा आणि एक जुना घातला की नवा काही शे किलोमीटरांत खरवडला जातो. कॅम चिल्ड कास्ट आयर्नचा आहे की स्टीलचा, आणि समोरचा टॅपेट त्या धातूशी जुळतो का, हे विकणाऱ्याला विचारावे.

बुलेटवाल्यांसाठी थोडे वेगळे

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये, ७० बाय ९० मिलिमीटरचे ३४६ सीसीचे इंजिन, कॅम खाली असतो आणि पुशरॉड वर जातो. इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे, गिअरवर चालणारे. लोबची उंची आणि व्हॉल्व्हची लिफ्ट इथे एकच नसते, मध्ये रॉकरचे गुणोत्तर येते. हेड किंवा बॅरल फेसिंग केले की पुशरॉडची लांबी जुळवावी लागते. गिअरचा एक दात पुढे-मागे करून ‘ट्यूनिंग’ करण्याचा प्रयोग कोणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. एक दात म्हणजे फार अंश होतात. नव्वद मिलिमीटरचा लांब स्ट्रोक असलेले हे इंजिन मुळात खालच्या आरपीएमच्या ओढीसाठी बांधले आहे. त्याला सहा हजारांना पळवणारा कॅम देणे म्हणजे पैलवानाला शंभर मीटर पळवणे.

स्पर्धेसाठी असेल तर नियमपुस्तक आधी

कोल्हापूरला रेसिंगचा नाद जुना आहे. गो-कार्टिंगपासून सुरुवात करून इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला, ध्रुव मोहितेसारखे ड्रायव्हर राष्ट्रीय पातळीवर धावले. पण एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या स्पर्धांत इंजिन सहसा सीलबंद असते. तिथे हेड-कॅमचा प्रश्नच येत नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्टुडंट संघांना तो येतो. तिथे इंजिन ७१० सीसीपर्यंत चालते, पण पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून घ्यावी लागते. ६०० सीसीचे चार सिलिंडर इंजिन १२ हजार आरपीएमजवळ नेले की हे भोक आपली कमाल मर्यादा गाठते. त्यापुढे कुठलाही कॅम जास्त हवा आणू शकत नाही. म्हणून अशा गाडीला मधल्या आरपीएमला भरणारा, कमी ओव्हरलॅपचा कॅम शोभतो. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९०चे एक सिलिंडर इंजिन वापरणाऱ्यांना ही मर्यादा इतक्या लवकर गाठत नाही, पण एकाच सिलिंडरच्या हिसक्याने येणाऱ्या ओढीसाठी भोकानंतर पुरेशा मोठ्या हवापेटीची गरज पडते.

रस्त्यावर चालवणार असाल तर

मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम आयडलिंगला गुरगुरतो, तो आवाज अनेकांना आवडतो. त्याच वेळी न जळालेले पेट्रोल एक्झॉस्टमधून निघते आणि पीयूसीच्या यंत्रावर हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. इनलेटमधला व्हॅक्युम घटतो. ज्या गाड्यांचा ब्रेक बूस्टर त्या व्हॅक्युमवर चालतो, तिथे ब्रेक कडक लागू शकतो. गगनबावड्याच्या उतारावर हे समजून उपयोग नाही. इंजेक्शनच्या गाडीत दाब मोजणारा सेन्सर गोंधळतो आणि ईसीयू नव्याने बसवून घ्यावे लागते.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला उत्पादकाने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारावे.

ऑर्डर देण्यापूर्वी मिस्त्रीसमोर वहीत एवढे लिहून घ्या: गाडी बहुतेक वेळ किती आरपीएमला चालणार, हेडचा प्रवाह कोणत्या लिफ्टला थांबतो, चेंबर मोजून किती सीसीचा भरला, कॅमचा इनलेट किती अंशांना मिटतो आणि मातीची मोकळीक किती आली. चेंबर मोजायला काचपट्टी, ग्रीस आणि रॉकेल भरलेली सिरिंज पुरते.

आणि इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते कौतुकाने आयडलिंगवर ठेवून चहाला जाऊ नका. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला पहिली वीस मिनिटे दोन ते अडीच हजार आरपीएमवर, थोडे वर-खाली करत चालवायचे असते, म्हणजे लोबवर तेल उडत राहते. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदलायचे, पाचशे किलोमीटरला टॅपेट पुन्हा तपासायचे. एखाद्या टॅपेटची फट बाकीच्यांपेक्षा बरीच वाढलेली दिसली, तर तो लोब झिजू लागला आहे. तेव्हा फक्त फट जुळवून गाडी बाहेर काढू नका, कव्हर उघडेच ठेवा आणि कॅम काढून पाहा.